कुलूपबंद घरातलं दीड युनिट

“वकीलताई! ए वकीलताई! आधी खाली चल! शिवणमावशीला फळ्यावर लावलंय!”

“फळ्यावर मावशीला कसं लावतील? खिळा ठोकून?” वकील पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली.

“अगं, तिचं नाव! लाल अक्षरात! चल ना!”

एवढं बोलून भोवरा जिन्याच्या कठड्यावरून घसरत निघालासुद्धा. हा अकरा वर्षांचा मुलगा घरात, दारात, जिन्यात कुठेच एका जागी टिकत नसे, म्हणून तो भोवरा. त्याची बहीण तेरा वर्षांची. तिला ‘जेवायला ये’ म्हटलं, तरी ती ‘मला भूक लागलीय हे कशावरून?’ असं विचारायची. तिला वकील हे नाव सख्ख्या आईनंच दिलं होतं.

खाली फाटकाजवळच्या फळ्यासमोर त्यांचा मित्र आधीच उभा होता. हा पहिल्या मजल्यावरचा मुलगा वकीलताईच्याच वर्गातला. बोलायचा हळू, चालायचा हळू, पण त्याच्या नजरेतून मुंगी सुटत नसे. त्याला सगळे गोगलगाय म्हणत, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नसे.

“दोनदा वाचलं,” तो म्हणाला. “वाईट आहे.”

फळ्यावर अध्यक्षकाकांचं वळणदार अक्षर होतं. इमारतीत चार मजल्यांवर आठ घरं, आणि त्या आठ घरांनी निवडून दिलेले अध्यक्ष म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे काका. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ‘वीज वाचवा’ मोहीम सुरू केली होती. तिचा हा अहवाल होता.

‘सार्वजनिक वापर (जिना, फाटक, पाण्याचा पंप): दरमहा दीडशे युनिटवरून साठ युनिट! हार्दिक अभिनंदन!’

आणि त्याच्याखाली लाल खडूनं: ‘सर्वाधिक वाढ: घर क्रमांक एक, तळमजला. दरमहा नव्वद युनिटवरून एकशे ऐंशी! या घरात शिवणकामाचा व्यवसाय करण्याची परवानगी चालू ठेवावी का, याचा निर्णय रविवारच्या सभेत होईल.’

“स्वतःच स्वतःचं हार्दिक अभिनंदन?” वकिलीच्या भुवया वर गेल्या. “आणि मावशीला विचारलं तरी का कुणी?”

“आपण विचारू,” गोगलगाय म्हणाला.

शिवणमावशीचं दार उघडंच होतं. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापडांचे गठ्ठे, भिंतीला टेकवलेलं इस्त्रीचं टेबल. सुट्टी म्हणजे मावशीचा कामाचा हंगाम. शाळा उघडायच्या आत शे-दीडशे गणवेश तयार करून द्यायचे असत. या मुलांच्या दप्तरांचे तुटलेले पट्टे, फाटलेल्या खिशांचे गुपचूप घातलेले टाके, सगळं मावशीच्या हातचं. तेही आयांना न सांगता!

आज मात्र मावशी घामानं निथळत होती. पंखा बंद होता.

“मावशी, एवढ्या उकाड्यात पंखा का बंद?” भोवऱ्यानं विचारलं.

“वीज वाचवतेय रे.” मावशी हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. “पंखा बंद, टीव्ही महिनाभर लावला नाही, इस्त्री तीन दिवसांतून एकदाच. तरी आकडा काही खाली येईना. माझंच कुठेतरी चुकत असणार, दुसरं काय?”

“आणि रविवारी त्यांनी परवानगी काढून घेतली तर?” वकिलीनं विचारलं.

मावशीनं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. दोनदा चुकला.

“मग यंत्र उचलायचं आणि दुसरीकडे जागा बघायची. अकरा वर्षं काढली इथं.” ती खाली बघत म्हणाली. “जा, खेळा जा तुम्ही. सुट्टी आहे ना?”

तिघं बाहेर आले. भोवरा पहिल्यांदाच न उड्या मारता चालत होता.

“मावशी उधळपट्टी करणं शक्यच नाही!” तो म्हणाला.

“शक्य नाही म्हणून चालत नाही. पुरावा लागतो,” वकील म्हणाली. “आणि तो आपण शोधायचा.”

नशीब असं, की त्याच सकाळी वीज कार्यालयाच्या मीटरताई आल्या. दर महिन्याला येऊन मीटरचे आकडे टिपून नेणं हे त्यांचं काम. जिन्याखाली एका लाकडी दाराच्या कपाटात नऊ मीटर ओळीनं बसवले होते. आठ घरांचे आठ आणि सार्वजनिक कामाचा एक. प्रत्येकाखाली त्याचा मोठा स्विच.

“ताई, मीटर खोटं बोलू शकतो का?” वकिलीनं थेट विचारलं.

“क्वचित. पण तुमच्या मावशीचा मीटर मी मागच्याच महिन्यात तपासून घेतला. अगदी ठणठणीत आहे.” ताईंनी बोटानं दाखवलं. “हा बारीक लाल दिवा बघा. घरात वीज जितकी जास्त वापराल, तितका तो भराभर मिचकावतो. काहीच चालू नसेल, तर मिचकावत नाही. म्हणजे मीटर बघायला आकडासुद्धा लागत नाही, डोळे उघडे ठेवले की झालं.”

“आणि वापर वाढतो कशानं?” गोगलगायीनं सावकाश विचारलं.

“ते घरोघरी जाऊन विचारा की! दोन घरं कधी सारखी नसतात. पण एक लक्षात ठेवा.” ताईंचा आवाज करडा झाला. “बघायचं, लिहायचं, मोजायचं. स्विचला आणि वायरला हात लावायचा नाही. कबूल?”

“कबूल!” तिघं एकदम ओरडले.

दुपारपासून तिघांची वरात घरोघर फिरू लागली. गोगलगायीकडे वही, वकिलीकडे प्रश्न, आणि दारावरची घंटा वाजवायचं काम भोवऱ्याकडे. ते तो जरा जास्तच मन लावून करत होता.

“घरात माणसं किती? फ्रिज किती जुना? पाणी तापवायची टाकी दिवसातून किती तास चालू?”

“अरे, ही चौकशी आहे की जनगणना?” दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतले काका वैतागले. पण बिलं दाखवलीच त्यांनी.

संध्याकाळी तिघं गच्चीवर वही उघडून बसले, तर एकेक गंमत बाहेर आली. सहा माणसांच्या घरात एकशे दहा युनिट, आणि बँकेतले काका एकटेच राहात असून दोनशे दहा!

“माणसं मोजून उपयोग नाही,” वकील म्हणाली. “त्यांच्याकडे खोली थंड करायचं यंत्र आहे. ते चालू करून खिडकी उघडी ठेवून झोपतात. म्हणे, ताजी हवा लागते!”

“म्हणजे सगळ्या गावाला थंड करतात!” भोवरा खो खो हसला.

“अध्यक्षकाकांकडे दोनशे तीस,” गोगलगायीनं वाचलं. “पाणी तापवायची टाकी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालूच. काकूंनी सांगितलं. काका बंद करायला विसरतात.”

“काय सांगतोस! आणि फळ्यावर नाव मावशीचं!” भोवरा उसळला.

“थांब, थांब,” वकील म्हणाली. “फळ्यावर जास्त वापर नाही लिहिलेला, वाढ लिहिलीय. काकांचा वापर पूर्वीपासून तेवढाच आहे. मावशीचा मात्र दोन महिन्यांत दुप्पट झालाय. प्रश्न तो आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशीच्या घराची झडती घेतली. आधी संशय फ्रिजवर. दाराचं रबर सैल झालं, की थंड हवा बाहेर जाते आणि फ्रिज सारखा धावतो, असं गोगलगायीनं शाळेच्या प्रदर्शनात पाहिलं होतं. त्यानं दारात कागदाची पट्टी अडकवली आणि ओढली. पट्टी हलली नाही. फ्रिज निर्दोष!

मग इस्त्री. ती वीज भरपूर खाते, हे खरं. पण मावशीनं जुनी बिलं काढली. मागच्या वर्षी याच महिन्यात हीच इस्त्री, हेच यंत्र, याहून जास्त गणवेश, आणि युनिट फक्त नव्वद!

“तीच कढई, तेच तेल, तीच चूल. मग भजी दुप्पट कशी?” भोवऱ्यानं डोकं खाजवलं.

“तुला सगळीकडे खाणंच कसं दिसतं रे?” वकील म्हणाली.

शेवटी मावशीनं घरातलं झाडून सगळं बंद केलं, अगदी फ्रिजसुद्धा. तिघं मीटरसमोर उभे राहिले. अकरा वाजले होते. लाल दिवा एकदाही मिचकावला नाही. एक मिनिट... तीन मिनिटं... दहा मिनिटं. काही नाही!

“म्हणजे गळती नाही. वीज कुठे चोरून जात नाहीये.” वकील निराश झाली. “संपलं. आपल्याकडे काहीच राहिलं नाही.”

“अकरा वाजता जात नाहीये,” गोगलगाय म्हणाला.

“म्हणजे?”

“आपण अकरा वाजता बघितलं. दिवसात आणखी पण तास असतात.”

वकील त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

त्या दुपारपासून पाळ्या लागल्या. दर दोन तासांनी एकानं मीटरचा आकडा टिपायचा. पावणेपाचला मावशी तयार गणवेश पोचवायला निघाली. दिवे बंद, पंखा बंद, दाराला कुलूप. आत फक्त फ्रिज चालू. तेव्हा आकडा होता दोन हजार तीनशे एक्केचाळीस पूर्णांक दोन.

पावणेसातला मावशी परतायच्या आत भोवरा आकडा बघायला गेला आणि ओरडतच बाहेर आला.

“बेचाळीस पूर्णांक आठ! दोन तासांत एक पूर्णांक सहा!”

“तू चुकीचा मीटर वाचलास,” वकील म्हणाली.

“नाही गं! ये, बघ!”

तिघांनी तीनदा बघितला. बरोबर होता. फ्रिजचा अगदी थोडासा वाटा सोडला, तर तब्बल दीड युनिट! कुलूपबंद घरात!

“भूत!” भोवऱ्याचे डोळे मोठे झाले. “इस्त्री करणारं भूत!”

“भूत असेल तर फार कामसू आहे,” वकील म्हणाली. पण तिच्याही अंगावर काटा आला होता. “उद्या पावणेपाचपासून हलायचं नाही. नजर दिव्यावर.”

शनिवारी मावशी पुन्हा गणवेश घेऊन गेली आणि तिघं मीटरच्या कपाटासमोर मांडी ठोकून बसले. दिवा आळसावल्यासारखा मिचकावत होता. गोगलगायीनं मोजलं, मिनिटाला पाच वेळा. हा फ्रिज.

पाच वाजले. एकदम दिवा पिसाळल्यासारखा मिचकावू लागला!

“अठ्ठावन्न! मिनिटाला अठ्ठावन्न!” गोगलगायीचा आवाज कधी नव्हे तो चढला. “आत काहीतरी सुरू झालं!”

भोवरा धावत मावशीच्या खिडकीशी गेला. काचेला नाक लावलं. आत सगळं सामसूम. यंत्र झाकलेलं, इस्त्री उभी, पंखा स्थिर. तो हात हलवत परत आला.

“काही नाही! पण तिथं उभं राहिलं की पायाखाली गुदगुल्या होतात. मागून घूंऽऽ असा आवाज येतोय ना, त्यानं.”

“कसला आवाज?”

“अगं, तो पंप नाही का! मावशीच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीतला. रोजच पाच वाजता...”

तो मध्येच थांबला. तिघं एकमेकांकडे बघू लागले.

पाण्याचा पंप! घड्याळ लावलेला, आपोआप चालणारा. सकाळी सहा ते साडेसात, संध्याकाळी पाच ते साडेसहा.

 तिघं दीड तास तिथंच बसून राहिले. भोवरासुद्धा! बरोबर साडेसहाला भिंतीमागचा घूंऽऽ आवाज बंद पडला, आणि त्याच क्षणी लाल दिवा पुन्हा पेंगायला लागला. मिनिटाला पाच.

“दिवसाला तीन तास,” वकील पुटपुटली. “तीन युनिट. महिन्याला नव्वद! मावशीचा वापर किती वाढला? नव्वद! आणि सार्वजनिक वापर किती कमी झाला? दीडशेवरून साठ...”

“नव्वद,” गोगलगाय म्हणाला.

“काखेत कळसा नि गावाला वळसा! पहिल्या दिवसापासून फळ्यावर लिहिलेलं होतं, आणि आपण कागदाच्या पट्ट्या ओढत बसलो!”

तिघं धावत सुटले ते कोपऱ्यावरच्या वायरमनच्या दुकानात. इमारतीची सगळी कामं तोच करायचा.

“पंप? जुना जळला तेव्हा नवा मीच बसवला,” वायरमन एक पंखा खोलता खोलता म्हणाला. “दोन महिने झाले. टाक्या कोरड्या, सगळ्यांचा आरडाओरडा. घाईघाईत तात्पुरता जोडून दिला. नंतर नीट केलाच असेल. जा, खेळा.”

“केलाच असेल म्हणजे? केला की नाही?”

“पोरी, दिवसाला दहा घरं फिरतो मी! कोण लक्षात ठेवतंय?”

तिथून तिसरा मजला. अध्यक्षकाका आरामखुर्चीत बसून उद्याच्या भाषणाची तयारी करत होते. वकिलीनं एका दमात सगळं सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, आणि चष्मा पुसला.

“म्हणजे माझी मोहीम खोटी? जिन्यातले दिवे बदलले, फाटकाचा दिवा वेळेवर बंद केला, ते सगळं फुकट?”

“फुकट नाही काका, दिव्यांचे दोन-चार युनिट वाचलेच असतील, पण हे नव्वद...”

“पंप सार्वजनिक मीटरवर आहे. वायरमननं स्वतः जोडलाय. तुम्हाला त्याच्याहून जास्त कळतं?” काकांचा आवाज चढला. “आणि मीटरशी खेळ? काही झालं तर जबाबदार कोण? आजपासून ते कपाट बंद!”

काका तडक खाली गेले. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

जिन्यात तिघं हिरमुसून बसले. भोवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“त्यांना मावशीचं वाईटच करायचंय!”

“नाही रे,” गोगलगाय म्हणाला. “त्यांनी खरंच दिवे बदलले. शिडीवर चढून, स्वतः. कुणी शाबासकी दिली नाही त्यांना. म्हणून स्वतःच फळ्यावर लिहिली.”

 हळूहळू वकिलीच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“मग आपण देऊ की शाबासकी! सगळ्यांसमोर! त्यांच्याच हातानं कपाट उघडेल!”

रविवारी साडेपाचला फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या गेल्या. आठही घरांची माणसं जमली. सार्वजनिक लाईनवर ध्वनिक्षेपक आणि एक मोठा पंखा लावला होता. मागून पंपाची घूंऽऽ सुरूच होती. पण ती इतकी रोजची, की कुणाच्या कानात शिरत नव्हती. शिवणमावशी अगदी शेवटच्या खुर्चीत पदराचं टोक चुरगाळत बसली होती. सकाळीच मुलांनी तिला सगळं सांगितलं होतं. तिचा अजून विश्वास बसत नव्हता.

“बचत ही घरापासून सुरू होते!” ध्वनिक्षेपकातून अध्यक्षकाकांचा आवाज घुमला. “आपण दीडशेवरून साठवर आलो. पण काही घरं मात्र...”

“काका, एक विचारू?” वकील उभी राहिली.

“प्रश्न शेवटी.”

“प्रश्न नाही, विनंती आहे. तुमच्या मोहिमेचं आम्हा मुलांना फार कौतुक वाटतं. तर तुमच्या हस्ते एक प्रात्यक्षिक व्हावं! तुम्ही स्वतः सार्वजनिक स्विच पाच मिनिटं बंद करावा, आणि सगळ्यांनी मिळून वीज वाचवायची शपथ घ्यावी.”

भोवऱ्यानं जोरजोरात टाळ्या वाजवल्या. त्या ऐकून पुढच्या रांगेतल्यांनी वाजवल्या, मग मागच्यांनी. काकांचा चेहरा खुलला. त्यांनी खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, आणि एखादा पडदा सारावा तशा थाटात मोठा स्विच खाली ओढला.

खट्!

पंखा थांबला. जिन्यातला दिवा गेला. ध्वनिक्षेपक मुका झाला.

“बघा!” काका मोकळ्या आवाजात म्हणाले. “आता या क्षणी आपला सार्वजनिक वापर शून्य! सगळं कसं शांत...”

घूंऽऽऽऽ...

काका थांबले. कान देऊन ऐकू लागले. सगळेच ऐकू लागले.

“हा आवाज कसला?” पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

“पंप,” बँकेतले काका म्हणाले. “पण सार्वजनिक स्विच तर बंद केलाय. मग पंप चालतोय कशावर?”

अध्यक्षकाकांनी स्विचकडे पाहिलं. खाली ओढलेलाच होता. त्यांनी तो आणखी खाली दाबून बघितला. घूंऽऽ काही थांबेना.

“मावशी,” वकील हळूच म्हणाली, “तुझा स्विच. तुझ्या घराचा आहे, तूच बंद कर.”

मावशी उठली. सगळ्यांच्या नजरा चुकवत कपाटाशी गेली. ‘घर क्रमांक एक’ असं लिहिलेल्या स्विचवर हात ठेवला.  तिनं डोळे मिटले आणि स्विच ओढला.

पंप घुरघुरला, कण्हला, आणि बंद पडला.

एवढी शांतता पसरली, की रस्त्यावरून गेलेल्या सायकलची साखळी ऐकू आली.

“दोन महिने,” गोगलगाय त्या शांततेत सावकाश म्हणाला, “सगळ्या इमारतीचं पाणी मावशी एकटी चढवत होती. तिच्या विजेवर. पंखा बंद ठेवून.”

भोवऱ्यानं वही उघडून काकांसमोर धरली. तारखा, वेळा, आकडे. इकडे वाढलेले नव्वद, तिकडे कमी झालेले नव्वद. काकांनी वही घेतली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. आता ते ओरडणार, असं वाटून भोवरा बहिणीच्या मागे सरकला.

पण काका ओरडले नाहीत. ते फळ्यापाशी गेले आणि सगळाच्या सगळा अहवाल हातानं पुसून टाकला, स्वतःच्या अभिनंदनासकट. बाहीला खडू लागला, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

“वायरमन मला म्हणाला होता, ‘उद्या येऊन लाईन बदलतो, आठवण करा,’” ते मावशीकडे न बघता म्हणाले. “मी विसरलो. आणि आकडा कमी झालेला दिसला, तेव्हा तो का झाला हे विचारायलाही विसरलो. मला तो आवडला ना!” मग त्यांनी वर पाहिलं. “ताई, चूक माझी, आणि नाव तुमचं लिहिलं. सगळ्यांसमोर लिहिलं, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो. परवानगीचा विषय सभेपुढून काढून टाकलाय.”

मावशीनं पदर सावरला. तिनं नुसती मान हलवली.

सोमवारी सकाळी वायरमन शिडी घेऊन हजर झाला. त्यानं पंपाची तात्पुरती जोडलेली वायर शोधून काढली, तेव्हा त्याचाही चेहरा उतरला. ‘खेळा जा’ म्हणून हाकललेल्या मुलांकडे त्यानं ओशाळून बघितलं.

“तुम्ही विचारलं, तेव्हाच मी येऊन बघायला हवं होतं,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

अध्यक्षकाका विजेरीचा झोत धरून त्याच्याजवळ उभे होते. काकूंनी दोनदा चहाला हाक मारली, तरी हलले नाहीत. “हे काम पुरं झाल्याशिवाय मी जागचा जाणार नाही!” त्यांनी खालूनच सांगितलं.

मीटरताईही आल्या. त्यांनी दोन्ही मीटरचे आकडे टिपले, वहीतल्या नोंदी उतरवून घेतल्या. मावशीच्या नावावर लागलेले जास्तीचे युनिट कमी करायचा अर्ज अध्यक्षकाकांच्या सहीनं तिथल्या तिथं तयार झाला.

“बारा वर्षं मीटर वाचतेय मी,” ताई म्हणाल्या. “जास्त आकडा आला, की लोक एक तर माझ्याशी भांडतात, नाहीतर मीटरला नावं ठेवतात. शांतपणे बसून मोजणारे तुम्हीच पहिले. आणि एकाही वायरीला हात न लावता! शाबास रे पोरांनो!”

वायरमननं पंप चालवून दाखवला. घूंऽऽ! सगळे मावशीच्या मीटरवर वाकले. गोगलगाय मोजू लागला. 

“पाच,” मिनिटभरानं तो म्हणाला. “नुसता फ्रिज.”

अध्यक्षकाकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग खाकरून, जरा अवघडत ते मुलांकडे वळले.

“तुम्ही खरंच हुशार आहात. कालपासून विचार करतोय, माझ्या घराचे दोनशे तीस कशानं होतात, तेही जरा येऊन बघाल का?”

“ते बघायला यायची गरज नाही काका!” भोवरा पटकन म्हणाला. “ती पाणी तापवायची टाकी...”

वरून काकूंच्या हसण्याचा आवाज आला, आणि काका टाकी बंद करायला दोन-दोन पायऱ्या एकदम चढत जिन्यानं वर धावले.

सगळे पांगले, तशी मावशीनं तिघांना घरात बोलावलं. लिंबाच्या सरबताचे तीन पेले पुढे ठेवले. 

“खरं सांगू?” ती म्हणाली. “मला परवानगीचं एवढं वाटलं नव्हतं. पण मी वेंधळी झालेय, मला माझं घर सांभाळता येत नाही, असं मलाच वाटायला लागलं होतं. रोज उठून शोधायची, आज काय चुकलं माझं? तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, की मावशीचं चुकलं असेल.”

“म्हणालो नाही, पण तपासलं मात्र सगळं,” वकील प्रामाणिकपणे म्हणाली. “फ्रिजसुद्धा.”

“तेच तर बरं केलंत!” मावशीनं तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि यंत्रावरचं आवरण बाजूला केलं. “बरं, आता संपवा ते सरबत आणि पळा. मला चाळीस गणवेश शिवायचेत. शाळा उघडायला अठराच दिवस राहिलेत.”

भोवऱ्याचा पेला हातातच राहिला.

“अठराच?” तो किंचाळला. “वकीलताई, सुट्टीचे एवढे दिवस गेले कुठे? कुणीतरी चोरले!”

मावशी इतकी हसली, इतकी हसली, की सुईत ओवलेला दोरा पुन्हा निसटला.